एकतारीच्या अलीकडे

एका कोंबडीला दोनच पंख असतात. पण चिकनच्या दुकानात उभं राहून 'किलोभर विंग्ज द्या' म्हणणाऱ्याला त्याचा नेमका विसर पडतो. दोन किलोच्या बॉयलरचा एक पंख ८० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे किलोला सहा कोंबड्या झाल्या. नागपूर-अमरावतीत वेगळ्या पंखांची पाकिटं मिळतात. तालुक्याच्या गावात मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. सांगताना 'चामडीसकट' हा शब्द दोनदा उच्चारायचा. आपल्याकडे पिसं उपटत बसण्यापेक्षा कातडी पिसांसकट ओढून काढणं सोपं, आणि कातडी गेली की तळून गुळाच्या पाकात घोळवलेल्या पंखांचा जीवच गेला. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, तर ही मागणी घेऊन जाऊच नये. श्रावण कालच संपलेला, रांग रस्त्यावर आलेली, आणि त्यात बारा पंख वेगळे मागणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

गावरान कोंबडीचे पंख यासाठी नकोत. ती उडते, झाडावर बसते, तिचा पंख म्हणजे शिरा आणि हाड. तिचा रस्साच करावा.

हॉटेलच्या कार्डावर या पदार्थाला 'एशियन ग्लेझ्ड विंग्ज' म्हणतात. जणू उमरेड नि दारव्हा आशियात नाहीतच. जपानच्या नागोया शहरात पंख तळून, गोडसर सोया पाकात घोळवून वर मिरपूड आणि तीळ टाकतात. त्याला तेबासाकी म्हणतात. कोरियात लाल मिरचीच्या आंबवलेल्या लगद्याचा, गोचुजांगचा, पाक असतो. 'तेरियाकी'मधल्या 'तेरी'चा अर्थच चकाकी. आता सामान बघा: सोयाबीन, गूळ, तीळ, मिरची, लसण, अद्रक. यातलं सोयाबीन तर दरवर्षी पोत्यांनी बाजार समितीत जातं आणि त्याचा सॉस बाटलीतून परत विकत आणावा लागतो. सोया सॉस म्हणजे सोयाबीन, गहू, मीठ, एक उपयोगी बुरशी आणि काही महिन्यांचा धीर. आपल्याकडे सोयाबीन निघालं की धीर नसतो, भाव असतो.

असो. आधी पंख.

पंखाचे तीन भाग: खांद्याकडचा मांसल तुकडा, मधला दोन हाडांचा चपटा, आणि टोक. सांधा बोटाने चाचपला की मऊ खाच लागते, तिथेच सुरी घालायची. हाडावर जोर लावावा लागला तर जागा चुकली. टोकं फेकायची नाहीत, बाजूला ठेवायची. राहिलेली पिसांची खुंटं गॅसच्या ज्योतीवर झपकन फिरवून जाळावीत. मग धुऊन, सुती कपड्याने कोरडे करून, किलोला एक चहाचा चमचा मीठ आणि थोडी मिरपूड चोळून फ्रिजमध्ये झाकण न ठेवता चार तास. झाकण ठेवलं तर कातडीचा ओलावा तिथेच राहतो आणि ओल्या कातडीला कुरकुरीतपणा येत नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत बाहेर जाळीखाली तासभर चालेल, मांजरावर नजर ठेवून. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा, कच्चं चिकन बाहेर ठेवायचा विचारही नको.

तळायच्या अगदी आधी सहा मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर आणि दोन मोठे चमचे तांदळाची पिठी एकत्र करून तुकडे त्यात घोळवायचे आणि झटकायचे. कॉर्नफ्लॉवर म्हणजे पांढरं, बोटांत चरचरणारं; मक्याचं पिवळं पीठ नव्हे. मैदा टाळावा, त्याचं आवरण पाकात पडलं की चिवट होतं.

तळणं दोनदा. पहिल्यांदा मध्यम तेलात, पिठाचा थेंब तळाला जाऊन सावकाश वर येईल इतपत, नऊ-दहा मिनिटं. यात मांस शिजतं आणि कातडीखालची चरबी वितळून बाहेर येते. मग जाळीवर दहा मिनिटं विसावा. तेवढ्यात आतला ओलावा पृष्ठभागाकडे येतो. दुसऱ्यांदा कडक तेलात, थेंब टाकताक्षणी वर उसळेल अशा, दोन-तीन मिनिटं; तो ओलावा वाफ होऊन निघून जातो. एका वेळी सहा-सातच तुकडे. कढई भरली की तेल थंडावतं, पंख तळले जाण्याऐवजी तेलात उकळतात आणि पिळले तर दिवा लावता येईल इतकं तेल पितात. तोडून पाहिल्यावर हाडाशी काळपट-लालसर दिसलं तर लगेच कच्चं समजू नये. बॉयलर कोवळा असतो, त्याच्या हाडातला रंग बाहेर झिरपतो. मांस हाडापासून सहज सुटतंय आणि निघणारा रस स्वच्छ आहे, हे बघावं.

आता पाक. त्याला ग्लेझ म्हणा की आणखी काही, संक्रांतीला ज्या घरात गुळाचा पाक होतो त्या घराला यात नवं काही नाही. किलोभर पंखांना १०० ग्रॅम चिरलेला गूळ, चार मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी. वेगळ्या कढईत चमचाभर तेलावर दहा-बारा लसणाच्या पाकळ्या आणि बोटभर अद्रक, दोन्ही बारीक चिरून, फक्त वास सुटेपर्यंत परतायचं. लसण तपकिरी झाला तर तो कडवटपणा कितीही गुळाने झाकला जात नाही. मग चमचाभर तिखट, भिवापुरी असेल तर उत्तम, आणि लगेच बाकीचं सगळं. गूळ आधी त्या अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळून घेतलेला बरा, ढेपीत उसाचं चिपाड निघतंच.

मीठ घालायचं नाही. पाणी उडून जातं, सोया सॉसमधलं मीठ कुठे जात नाही. पाच मिनिटांपूर्वी बेताचा लागलेला पाक आटल्यावर खारट होतो तो यामुळेच. साखरेपेक्षा गूळ बरा, कारण साखरेचा पाक थंड होताना रवाळ होऊ शकतो आणि चकाकी जाते. गुळात मुळातच थोडी फुटलेली साखर (ग्लुकोज आणि फ्रुक्टोज) असते, ती रवे धरू देत नाही. पण तीच हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात गूळ पाझरतो ना, तसेच पावसाळ्यात पाकवलेले पंखही अर्ध्या तासात मऊ पडतात. इलाज एकच, पंगत बसल्यावरच घोळवायचे.

थांबायचं कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. चिक्कीला गोळीबंदच्याही पुढे जावं लागतं. इथे एकतारीच्याही, म्हणजे दोन बोटांत पाकाची एक तार सुटते त्या टप्प्याच्याही, अलीकडे थांबायचं. मध्यम आचेवर पाच-सात मिनिटांत पाक निम्मा होतो, बुडबुडे बारीक-फेसाळचे मोठे-संथ होतात. चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही की गॅस बंद. त्या क्षणी तो पातळच वाटेल आणि 'अजून मिनिटभर' हा मोह होईल. त्या एका मिनिटात पंखांची चिक्की होते: गार झाल्यावर दातांना चिकटणारी आणि आवरणासकट सोलून निघणारी. जास्त आटलाच तर दोन चमचे गरम पाणी घालून सारखा करता येतो; जळला तर मात्र टाकून द्यावा. कॉर्नफ्लॉवर कालवून दाट करायची युक्ती चायनीजच्या गाडीवर असते. तिने पाक दाट होतो पण गढूळ दिसतो आणि निवला की खळीसारखा बसतो.

गॅस बंद केल्यावर गरम पंख पाकात टाकून झाऱ्याने नव्हे, कढई उडवून घोळवायचे, मिनिटभर. लिंबू पिळायचं तर आत्ता. उकळलं तर कडवट होतं. आपल्याकडचं तिळाचं तेल बहुतेक कच्च्या तिळाचं असतं, त्याला जपानी-कोरियन तेलाचा खमंग वास नसतो, म्हणून ते ओतण्यापेक्षा दोन चमचे तीळ भाजून अर्धे कुटून वर टाकावेत. कांद्याची पात हवी, नसेल तर सांबार चालतो. (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे.)

संत्र्याच्या दिवसांत पाण्याऐवजी दोन संत्र्यांचा रस घालून पाहावा, गूळ थोडा कमी करून. बिया चिरडू द्यायच्या नाहीत आणि रस काढून ठेवायचा नाही, लगेच आटवायचा. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू पडतो.

तळण नको असेल तर निखारा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भडकते आणि विझते, तिचा निखारा टिकत नाही. बाभळीचा कोळसा हवा. पंख आधी कोरडेच पंचवीस-तीस मिनिटं उलटसुलट भाजायचे आणि पाक शेवटच्या चार मिनिटांत दोन-तीन वेळा लावायचा. आधी लावला तर गूळ काळा होतो आणि आतलं मांस कच्चं राहतं.

राहिली ती टोकं. कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून त्यांचा तर्रीदार रस्सा बाजूच्या गंजात शिजत ठेवावा. गुळातली कोंबडी बघून 'हे काय आणखी' म्हणणारं निदान एक माणूस प्रत्येक घरात असतं, आणि बहुतेक वेळा ते वयाने सगळ्यांत मोठं असतं.