पावडर कोटिंगने खाल्लेले दोन महिने

बुलेटची चेसिस, म्हणजे सांगाडा, पावडर कोटिंगला दिली होती: पावडरचा रंग फवारून भट्टीत भाजतात ते. कोटिंगवाला म्हणाला होता चार दिवस. चेसिस हातात आली तेविसाव्या दिवशी. त्या उशिराचा राग केव्हाच ओसरला. त्यानंतर जे दोन महिने गेले त्यांचा ओसरलेला नाही, आणि त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे.

गाडी बाबांची. 2001 ची बुलेट 350, कास्ट आयर्न इंजिनाची, पॉइंटवर चालणारी, म्हणजे उघडमीट करून प्लगच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या स्विचवर. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांनी किक मारणं सोडलं आणि तेव्हापासून ती विक्रोळीला, कन्नमवार नगरात आमच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी होती. खाडी जवळ, त्यामुळे मडगार्डाची खालून चाळणी झालेली. दिवाळी झाल्यावर मी ती खोलायला घेतली. बेत साधा होता: आखूड मडगार्ड, एकाची सीट, सरळ हँडल. रंग काळाच, कारण आरसीवर काळा आहे आणि रंग बदलला की आरटीओत जाऊन नोंद करून घ्यावी लागते. चेसिसला करवत लावायची नाही हेही आधीच ठरवलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, शिवाय 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलंय. सायलेन्सर कंपनीचाच ठेवला. मुंबईत पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

खोलणं, धुणं, घासणं यात सांगण्यासारखं काही नाही. इंजिन मी उघडलंच नाही. दाब चांगला होता, धूर नव्हता. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावले. थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, इतकंच ते काम. नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आणले. जाताना जुना बोल्ट खिशात असू द्या. या गाड्यांमध्ये काही आटे इंग्रजी मापाचे आहेत, काही मिलिमीटरचे, आणि दुकानदाराला तोंडी माप सांगून मी दोन फेऱ्या फुकट घातल्या.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी गाडी उभी राहिली. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले. तिसऱ्या किकला सुरू झाली. मी तिला आवारात फिरवायला काढली, पाण्याच्या टाकीपाशी हँडल डावीकडे वळवलं आणि फुस्स. बंद.

पुन्हा किक, पुन्हा चालू. सरळ गेली. वळली, बंद. पहिल्या दिवशी वाटलं नवीन जोडणी आहे, होतं असं. दुसऱ्या रविवारी पवईपर्यंत जायचं ठरवलं आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या चढावर तिने असे फटके मारले की मागचा रिक्षावाला आपली रिक्षा बाजूला घेऊन निघून गेला.

लक्षण नीट सांगतो, कारण सगळा घोळ त्या लक्षणानेच घातला. क्लच दाबून धरला की इंजिन सुरळीत. रेस द्या, मस्त आवाज. क्लच सोडला की मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. आता हे कुणालाही सांगा, तो काय म्हणेल? क्लच सोडला की इंजिनावर भार येतो, भार आला की मरतंय, म्हणजे पेट्रोल पुरत नाही. कार्बोरेटर. मलाही तेच वाटलं. इमारतीतल्या सगळ्यांनाही तेच वाटलं, आणि बुलेट म्हटलं की आमच्या इमारतीत प्रत्येक जण मेकॅनिक असतो.

कार्बोरेटर चार वेळा साफ केला. मग नवा आणला. नव्यावरही तेच. पेट्रोलचा कॉक बदलला. टाकीच्या झाकणाला हवेचं भोक बंद असलं तर गाडी अशीच मरते, म्हणून झाकण अर्धवट उघडं ठेवून गाडी चालवली आणि पँटवर पेट्रोल सांडून घेतलं. त्यानंतर मोर्चा इग्निशनकडे, म्हणजे ठिणगीकडे. प्लग तीन. पॉइंटमधली फट फिलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटरमध्ये आहे की नाही हे इतक्यांदा तपासलं की आता डोळे मिटून सांगेन. कंडेन्सर बदलला. तो नवाच खराब निघाला असेल म्हणून दुसरा घेतला. मग तिसरा. मग कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. एका बुलेटवाल्या मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने टायमिंग पुन्हा लावलं, पैसे घेतले आणि त्याच्यासमोर गाडी एकदाही बंद पडली नाही. तो हँडल सरळ धरून उभा होता, हे आज कळतंय.

या काळात बायकोने सिंकमध्ये कार्बोरेटरचा जेट सापडला म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. आणि बाबा रोज वरून एकच वाक्य म्हणायचे, "काटा नीट पडत नाहीये रे तुझा."

काटा म्हणजे अॅमीटरचा, बॅटरीत करंट किती येतो-जातो ते दाखवणाऱ्या मीटरचा. पॉइंटवाली बुलेट ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चावी चालू केली आणि पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून करंट वाहतो आणि काटा डावीकडे पडतो. किक हळूहळू दाबत गेलं की पॉइंट उघडतात आणि काटा मध्यावर येतो. तिथे डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक जराशी पुढे सरकवायची, वर आणायची आणि मग खरी किक मारायची. बाबांची अख्खी पिढी अशीच गाडी सुरू करायची. माझा काटा पडायचा, पण अर्धाच, आणि थरथरायचा. मी म्हटलं, बाबा, मीटर जुना झालाय. चाळीस वर्षं बुलेट चालवलेल्या माणसाला मी हे सांगितलं.

अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट, मी तपासलं नव्हतं असं नाही. लॅमिंग्टन रोडवरून मल्टिमीटर आणला होता. दोन टोकांमधली वाट जुळलेली असली की तो बीप देतो. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाला, बीप. हँडलला, बीप. सगळीकडे बीप. अर्थिंग ठीक, पुढे चला. ही तपासणी मी निदान सहा वेळा केली असेल आणि सहाही वेळा समाधानाने मीटर डब्यात ठेवला.

एप्रिल गेला, मे अर्धा गेला. शेवटी तळमजल्यावरचे काका आले. बेस्टमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले, सकाळी झाडांना पाणी घालतात, कुणाच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांनी मला बीप बीप करताना पाहिलं आणि नळी खाली ठेवली.

"बीपला किती करंट लागतो माहितीये का तुला?"

"किती?"

"नाहीच्या बरोबर. केसाएवढी तार शिल्लक असली तरी बीप होतो. तुझी कॉइल तीन अँपिअर मागते. इंडिकेटरचा बल्ब आहे का एखादा?"

जुना 21 वॅटचा बल्ब होता. त्याला दोन वायरी लावल्या. एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी इंजिनाच्या फिनवर, म्हणजे बाहेरच्या पात्यांवर, घासून धरली. चावी बंद. बल्ब लखलखीत पेटायला हवा होता. पेटला तो पिवळट, देवघरातल्या दिव्यासारखा. काकांनी हँडल डावीकडे वळवलं. बल्ब विझला. हँडल सरळ केलं, पिवळट. मग त्यांनी क्लच दाबला आणि बल्ब पेटला. सोडला, मंद. दाबला, लख्ख.

मी पायरीवर बसलो.

झालं होतं ते असं. बॅटरीचा मायनस चेसिसला, आणि इंजिन बोल्टांनी चेसिसवर बसलेलं. कॉइलचा करंट पॉइंटमधून इंजिनात येतो आणि त्या बोल्टांच्या वाटेने परत बॅटरीला जातो. माझ्या चेसिसच्या प्रत्येक पट्टीवर, बोल्टांच्या भोकांच्या आतसुद्धा, भट्टीत भाजलेल्या पावडरचा थर होता. तो प्लास्टिकच असतो. वीज त्यातून जात नाही. परतीची वाट बंद, म्हणून करंटने दुसरी शोधली: इंजिनावरून गिअरबॉक्स, तिथून क्लच केबलची तार, वर लिव्हर, हँडल, आणि हेडलाइटच्या अर्थच्या वायरीने बॅटरीला. माझी बुलेट दोन महिने क्लच केबलवर चालत होती. क्लच दाबला की तार ताणून तिच्या टोकाचा निपल लिव्हरमध्ये घट्ट बसायचा, गाडी खूश. सोडला किंवा हँडल डावीकडे वळलं की तार सैल, निपलवर ग्रीस, करंट गायब. दिव्यांचं अर्थिंग वेगळ्या वायरीने थेट बॅटरीला, म्हणून दिवे लख्ख. भाराचा काही संबंधच नव्हता.

हिशेब काकांनीच करून दाखवला. कॉइल साधारण 4 ओहमची, 12 व्होल्टला 3 अँपिअर. वाटेत फक्त 1 ओहमचा अडथळा आला तरी 2.4 व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. 1 ओहमला मल्टिमीटर आनंदाने बीप देतो.

यातली गंमत मला नंतर कळली. पावडर चेसिसवर चिकटते तीच मुळी अर्थिंगमुळे. पावडरला विद्युतभार देऊन फवारतात आणि लोखंड अर्थ केलेलं असतं, म्हणून ती खेचली जाऊन त्याला चिकटते. मग 180–200 अंशांच्या भट्टीत वितळवतात. अर्थिंगच्या जिवावर चढायचं आणि चढून बसलं की अर्थिंग तोडायचं. माझ्या अख्ख्या चेसिसवर उघडं लोखंड एकाच जागी होतं: कोटिंगवाल्याने आकडा अडकवला होता तिथे.

त्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलं नाही झाकायला. उलट एकही जागा सोडू नका म्हणालात." म्हणालो होतो. मीच म्हणालो होतो, तेही दोनदा, पावसाळ्यात गंज येईल म्हणून.

दुरुस्तीला सव्वा तास लागला, त्यात चहा धरून. लोहार चाळीतून 4 चौरस मिलिमीटरची हिरवी, बारीक तारांची वायर आणली, दोन्ही टोकांना लग (बोल्टाखाली बसणाऱ्या कड्या) दाबून बसवले, एक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा गिअरबॉक्सच्या बोल्टाखाली. इंजिनाच्या पट्ट्यांवर बोल्ट बसतात तिथे पॉलिश पेपरने लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर घातले, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन थापलं. व्हॅसलिन विसरू नका. मुंबईच्या पावसाला घासलेलं लोखंड एका आठवड्यात लाल होतं. वायर आणि लग मिळून शंभराची नोटही मोडली नाही. त्याआधी कार्बोरेटर, कॉइल, तीन कंडेन्सर, तीन प्लग, कॉक आणि मेकॅनिक यांवर साडेसहा हजार गेले होते.

बल्ब नसेल तर मीटरनेही हे कळतं, फक्त बीपवर ठेवू नका. डीसी 20 व्होल्टवर ठेवा, चावी चालू, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले. काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल इंजिनाला. आकडा शून्याच्या जवळ हवा. वायर टाकण्याआधी माझ्याकडे 2.6 च्या आसपास नाचत होता, नंतर 0.04. चावी जास्त वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: चेसिस कोटिंगला देताना चेसिस नंबर ठोकलेला असतो ती जागा आठवणीने झाका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा त्या नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. माझ्या नंबरात पावडर भरली होती. टूथपिक आणि पेंट रिमूव्हर घेऊन मी दोन संध्याकाळी तो एकेक आकडा कोरत बसलो. आटे असलेली भोकं, हँडल फिरतं त्या हेडस्टॉकमधल्या बेअरिंगच्या जागा आणि स्टँडची पिनही झाकायला सांगा. लेखी द्या. कागदावर चित्र काढून द्या. तोंडी सांगितलेलं भट्टीत जळून जातं.

वायर जोडली त्या संध्याकाळी बाबा कठडा धरत धरत खाली उतरले. गाडीवर बसले नाहीत. चावी फिरवली, वाकून किक हातानेच हळूहळू दाबत गेले आणि अॅमीटरकडे बघत राहिले. काटा डावीकडे पुरता पडला आणि मग टप्पकन मध्यावर आला.

"पडला," म्हणाले, आणि चावी काढून माझ्या हातात दिली.