डिप्लोमावाल्या दादांची एल-वन फाइल

चाकणच्या प्लांटमध्ये त्यांना सगळे दादाच म्हणतात, म्हणून इथंही दादाच. डाय ट्रायआउटचा माणूस, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, डाय, चाचणी घेऊन जुळवून देणारा. नवीन डाय प्रेसवर चढली की निळा रंग लावून ती बंद करायची, उघडायची, निळा कुठं उमटला कुठं नाही ते बघायचं आणि मग ग्राइंडर हातात घ्यायचा. पत्र्याला सुरकुती कुठं पडणार हे ते पहिला स्ट्रोक मारायच्या आधी सांगतात. शिक्षण मात्र डिप्लोमा मेकॅनिकल.

अमेरिकेतल्या आमच्याच प्लांटला नवीन प्रेस लाइनसाठी दोन वर्षं हेच हवे होते. मी ग्लोबल मोबिलिटीत आहे, म्हणजे कुणाला कुठल्या व्हिसावर पाठवायचं ते बघणं माझं काम. लोकांना अमेरिका म्हटलं की एच-वन-बीच आठवतो, पण त्याला वर्षाला 85,000 ची मर्यादा, मार्चमधली लॉटरी, आणि सप्टेंबर 2025 पासून भारतातून नवीन माणूस न्यायचा तर वर एक लाख डॉलर. तो विषयच संपला. प्रोजेक्टवाले म्हणाले बी-वनवर, म्हणजे थोड्या दिवसांच्या बिझनेस व्हिसावर पाठवा, इन्स्टॉलेशनच तर आहे. मी सरळ नाही म्हणाले. बाहेरच्या कंपनीनं विकलेलं मशिन बसवून द्यायला बी-वन चालतो, दोन वर्षं आपल्याच प्लांटमध्ये रोज काम करायला नाही. त्याच महिन्यात जॉर्जियातल्या बॅटरी प्लांटच्या साइटवर धाड पडून सुमारे 475 जणांना ताब्यात घेतलं होतं, त्यात 300 च्या वर कोरियन होते, आणि तरी लोक असं बोलतात.

राहिला एल-वन-बी, म्हणजे एल-वन या कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसाचा प्रकार, कंपनीचं खास ज्ञान असलेल्या माणसाचा. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष परदेशातल्या आपल्या कंपनीत काम केलेलं हवं, दादांची तर तिथं उभी हयात गेलीय. पण एल-वनला दोन रस्ते आहेत आणि खरी गोम तिथंच आहे. मोठ्या कंपन्यांकडे ब्लँकेट, म्हणजे कंपनीला एकदाच मिळालेली सरसकट मंजुरी असते, तिच्यावर माणूस थेट कॉन्सुलेटच्या खिडकीवर जातो, पिटिशनची, म्हणजे त्या माणसासाठीच्या वेगळ्या अर्जाची फी वाचते, वेळ वाचतो. फक्त ब्लँकेटमध्ये एल-वन-बीसाठी माणूस प्रोफेशनल लागतो, म्हणजे व्यवहारात बॅचलर डिग्री, आणि ऑफिसरला केस बघताक्षणी स्वच्छ दिसली पाहिजे, शंका आली की नकार. एकट्या माणसाची वेगळी पिटिशन यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे टाकली तर डिग्रीची अट नाही, आणि कागद वाचून निर्णय होतो.

हे मी ईमेलवर लिहून दिलं होतं. फायनान्सचं उत्तर आलं, ब्लँकेट असताना जास्तीचा खर्च कशाला, आणि वरच्या साहेबांनी त्यावर हो केलं. वकिलांच्या ऑफिसनं सपोर्ट लेटर पाठवलं ते उघड उघड कुठल्यातरी सॉफ्टवेअरवाल्याचं होतं, टूलरूमच्या माणसाच्या पत्रात सोर्स कोड! मी ते पूर्ण नव्यानं लिहिलं, पण पत्र कितीही चांगलं असलं तरी डिग्री कुठून आणणार.

इंटरव्ह्यूच्या दिवशी दादांचा फोन आला, गेटबाहेर येऊन केलेला. "मॅडम, तीनच प्रश्न विचारले. डिग्री कुठली म्हणाले, मी डिप्लोमा सांगितलं. डायचे फोटो नेले होते ते काढूच दिले नाहीत, व्हिसा नाकारला. माझ्या कामात काही कमी आहे असं झालं का हो?" मी म्हणाले दादा, तुमच्या कामाचा संबंधच नाही, आपण तुम्हाला चुकीच्या रस्त्यानं पाठवलं. ते नुसतं बरं म्हणाले. मला त्या बऱ्याचा फार त्रास झाला.

मग वेगळी पिटिशन टाकायला परवानगी मिळवली, वरिष्ठांशी भांडूनच. यावेळी टूलरूममध्ये दादांच्या शेजारी बसून मी स्वतः लिहून घेतलं, आमच्या डाय डिझाइन स्टँडर्डमधले कुठले बदल त्यांच्या ट्रायआउटवरून आले, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांना एकट्यानं डाय उत्पादनासाठी सोडायला किती महिने लागले, ट्रेनिंगची रजिस्टरं, जुने ट्रायआउट रिपोर्ट, निळ्याचे फोटोसुद्धा लावले. प्रीमियममध्ये, म्हणजे जास्तीची फी भरली की, त्यांना 15 कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, कुठलाही उलट प्रश्न न येता मंजुरी आली. तेच दादा, तोच डिप्लोमा.

नंतर व्हिसाही मिळाला आणि दादा गेले, पण डीएस-160 या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तुम्हाला कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता का हा प्रश्न असतो, आणि इथून पुढं प्रत्येक वेळी दादांना तिथं हो लिहून कारण द्यावं लागणार. पैसे वाचवायचा निर्णय फायनान्सनं घेतला, डाग दादांच्या नावावर. हे मला अजून पटलेलं नाही.

आता त्याच लाइनसाठी एका आयटीआयवाल्या टूलमेकरची फाइल माझ्याकडे आलीय आणि फायनान्सचा ईमेलही आलाय, यावेळी ब्लँकेट का नको म्हणून. उत्तरात मी दादांच्या नकाराचा कागद जोडलाय.