तेरेखोलची खाडी: तिथी पाहून जायची जागा

सह्याद्रीतून उतरलेली, बांद्याजवळून वाहत आलेली तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिणेला केरीची वाळू आहे आणि उत्तरेला जांभ्याचा डोंगर. गंमत अशी की उत्तरेच्या डोंगरावरचा किल्ला आणि त्याच्या पोटातले तेरेखोल गाव गोव्यात मोडते, आणि गावाबाहेर पडले की लगेच रेडी, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा. मुखाशी पूल नाही. पलीकडे जायचे तर फेरीबोट, आणि फेरीबोट चालते भरती-ओहोटीवर. इथे येणाऱ्यांची फजिती होते ती बहुतेक वेळा घड्याळ पाहून आल्यामुळे.

त्यामुळे सुरुवात कालनिर्णयापासून. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचे, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा हिशोब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून तेरेखोलला आलेल्या वेळेतून अर्धा ते एक तास वजा करावा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे जाते. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त खोल जाते. ती कोणती हे मात्र तिथीवरून कळत नाही, त्यासाठी मुरगावचे भरतीचे कोष्टक पाहावे.

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सकाळी साडेदहाच्या सुमाराला आणि ओहोटी पावणेपाचच्या सुमाराला येते, पहाटेही त्याच सुमाराला. ही उधाणाची ओहोटी, सर्वांत खोल. केरीच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला चालायला यासारखे दिवस नाहीत, वाळू लांबवर उघडी पडते. पण नेमक्या त्याच वेळी मुखातला वाळूचा पट्टा वर येतो आणि फेरीबोटीला पाणी पुरत नाही. फेरी थांबते, कधी तास, कधी दोन तास. अष्टमीच्या आसपास उलट: भांगाचे पाणी, चढ-उतार कमी, फेरी सहसा अडत नाही, पण किनारा अरुंद. किल्ला आणि दोन्ही तीर एका दिवसात करायचे असतील तर सप्तमी ते दशमी निवडावी. किनाराच महत्त्वाचा असेल तर पौर्णिमा, आणि पलीकडून परतायची फेरी तीनच्या आत गाठावी.

फेरीचा प्रवास दहा मिनिटांच्या आतला. चारचाकीसाठी सुटे पैसे जवळ असू द्या. पाणी उतरलेले असताना धक्क्याचा उतार जास्त तिरका होतो. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर किंवा खालची बाजू घासते. अशा वेळी आतली माणसे उतरवावीत आणि गाडी अगदी सावकाश, शक्य तितकी तिरकी चढवावी. उताराचा खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो. दुचाकी तिथे पुढचा ब्रेक दाबला की आडवी होते. पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर, मागे बसणाऱ्याला उतरवून न्यावी.

फेरी बंद सापडली तर धक्क्यावर वाट पाहत बसण्यापेक्षा पुलाने वळसा घ्यावा. रेडीकडून आरोंदा, तिथून पूल ओलांडून किरणपाणी, मग पालये आणि केरी. तासभर धरावा. हा वळसा मला शिक्षा वाटत नाही, उलट खाडीचे खरे रूप याच रस्त्यावर दिसते. मुखाशी नुसती वाळू आणि खडक. आरोंद्याला दोन्ही काठांना कांदळवन, मधे बेटे, पाणी संथ. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर बगळे, खंड्या दिसतात. ओहोटीला चिखलात उतरून बायका तिसऱ्या आणि कालवे, म्हणजे खायचे शिंपले, काढतात. आपण उतरू नये. कालवांच्या कडा पातीसारख्या कापतात आणि चिखल गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो.

किल्ला लहान आहे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांनी बांधलेला, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला. पोर्तुगीज सत्ता इथून गेली ती थेट 1961 मध्ये. मधल्या काळातला लक्षात ठेवण्याजोगा दिवस म्हणजे 15 ऑगस्ट 1954: आल्फ्रेड आफोन्सो यांच्या सत्याग्रही तुकडीने किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला आणि अटक पत्करली. रेडीच्या बाजूने चालत आलात तर हद्द किती जवळ होती आणि तरी ती ओलांडणे म्हणजे काय होते, हे पायांना समजते.

आत मधोमध सेंट अँथनीचे चर्च आहे आणि भोवतीच्या खोल्यांचे पुढे हॉटेल केले गेले होते. चर्चचे दार बहुतेक वेळा बंदच असते, त्यामुळे केवळ चर्चसाठी वाट वाकडी करू नये. जायचे ते तटावरच्या दृश्यासाठी: खाली मुखातला वाळूचा पट्टा, त्याच्या एका बाजूला नदीचे गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचे, पलीकडे केरीची सुरूची रांग. ओहोटी निम्मी झालेली असताना दोन पाण्यांतली रेघ सर्वांत स्पष्ट दिसते. धक्क्यापासून वर चढाचा रस्ता आहे, पायी अर्धा तास धरावा. पठारावर काजूच्या बागा आहेत. गोल्फ मैदानाचा प्रकल्प आला तेव्हा याच बागांसाठी गावकरी उभे राहिले होते. मार्च-एप्रिलमध्ये बोंडू पडलेले दिसतील. ते कुणाचे तरी पीक आहे, उचलू नयेत.

केरीला सुरूच्या बनात सावली चांगली, पण किनाऱ्याची धूप जोरात आहे. मुळे उघडी पडलेली झाडे वाऱ्यात कलंडतात. त्यांच्याखाली चटई टाकू नये, गाडीही लावू नये. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला डोंगर आहे. त्यावरून पायवाटेने हरमलच्या बाजूला उतरता येते. पॅराग्लायडिंगवाले इथूनच उडी घेतात, पावसाळा संपल्यावर, दुपारी समुद्रावरचा वारा धरल्यावर.

पोहण्याबद्दल स्पष्ट सांगतो: खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरूच नका. ओहोटीला आत साठलेले सगळे पाणी अरुंद मुखातून एकदम बाहेर धावते. वाळूच्या पट्ट्यावर घोटाभर पाणी असते आणि पुढच्या पावलाला पट्ट्याची कडा संपून खोल पाट लागतो. कडेची वाळू पायाखालून सरकते आणि ओढ थेट समुद्राकडे. पट्टा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबणेही चूक. भरती चढत असतानासुद्धा पट्ट्यावर फोटोसाठी जाऊ नये, कारण पाणी आधी मागच्या बाजूने भरते आणि परतीची वाट तोडते. भिजायचेच असेल तर मुखापासून दूर, जीवरक्षक असतील त्या भागात, कमरेइतक्या पाण्यात.

उत्तरेला रेडीत अर्धा दिवस सहज जातो. इथे लोहखनिजाच्या खाणी आहेत. रस्त्यावर लाल धूळ असते, दुचाकीवाल्यांनी रुमाल बांधावा. 1976 मध्ये खोदकामात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती पाहायला गर्दी होते, तेव्हा सकाळी लवकर जावे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो रेडीच्या खाडीवरचा यशवंतगड. जांभ्याचे उंच तट, खंदक, आणि भिंतींना कवटाळून बसलेली झाडांची मुळे. तासभर लागतो. पूर्ण पायघोळ कपडे आणि बूट हवेत, गवतात साप असतात. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते आणि मुळांनी सुटे केलेले दगड पायाखाली हलतात. तटावर चढू नये. पुढे शिरोड्याची मिठागरे. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला.

यायचे कसे: रेल्वेने पेडणे, मडुरे किंवा सावंतवाडी रोड, जलद गाड्या सगळ्या स्थानकांवर थांबत नाहीत, तिकीट काढताना पाहावे. विमानाने मोपा सर्वांत सोयीचे. पणजीहून केरी चाळीसेक किलोमीटर. मुक्काम केरी किंवा शिरोड्याला करावा, तेरेखोल गावात पर्याय फारच थोडे. जेवण घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवावे, आयत्या वेळी गेलात तर बांगडा आणि सोलकढीवर भागवावे लागेल. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताज्या समुद्री माशांची अपेक्षा ठेवू नये. गोव्यात घेतलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, आणि या भटकंतीत हद्द दोन-तीनदा ओलांडली जाते. डिकीत बाटली विसरून आरोंद्याकडे वळू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले. एप्रिल-मेमध्ये जांभ्याचे पठार अकरानंतर तापते, तेव्हा किल्ला सकाळी नऊच्या आत उरकावा आणि दुपार आरोंद्याच्या सावलीत काढावी. निघण्याआधी एवढे करा: तिथी बघा, पाऊणने गुणा, अर्धा-एक तास वजा करा, आणि मगच ठरवा आधी कोणता तीर.