बेसचा आवाज जागेवर आणताना

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते आणि तो स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून मी वॉटच्या आकड्याआधी कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, पाहतो. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये आणलेल्या ३०० वॉटच्या एसव्हीटी या अँप्लिफायरला दहा इंची आठ स्पीकरांची बंद कॅबिनेटे जोडली जात, ती याच कारणासाठी. मला जिने चढायचे असतात, त्यामुळे दहा इंची दोन स्पीकरांची, प्रत्येकी ८ ओहम विद्युतरोधाची दोन कॅबिनेटे मला बरी पडतात. समांतर जोडल्यावर ती ४ ओहम होतात आणि अँप्लिफायर तेवढा भार पेलतो ना, हे आधी तपासावेच लागते. जोडणीला गिटारची केबल कधीही वापरू नये, स्पीकरचीच वापरावी.

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतील एका कार्यक्रमात माझे कॅबिनेट भिंतीच्या कोपऱ्यात होते. तिथे खालचे स्वर इतके फुगले की ढोलकीचा धुमच ऐकू येईना. मी बेसचे बटण कमी केले, तरी घुमणे राहिलेच. मग कॅबिनेट दोन हात पुढे ओढले, सगळी बटणे मध्यावर आणली आणि ५०० हर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा किंचित वाढवला. एकट्याने वाजवताना तो आवाज थोडा रुक्ष वाटला, पण ढोलकी सुरू होताच प्रत्येक स्वर सुटा ऐकू आला.