एका डब्याचे ४४६ रुपये

गुरुवार, रात्री साडेदहा

आज एकाची एफ अँड एफ काढली. फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब. पेरोलमध्ये हे रोजचंच. उरलेल्या रजांचे पैसे, नोटिस पिरियडमधले कमी पडलेले दिवस, लॅपटॉप जमा झाला की नाही. त्याच्या ग्रॅच्युइटीच्या (पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) रकान्यात शून्य आलं. चार वर्षं सात महिने झाले होते. अजून पाच महिने कळ काढली असती तर पाच वर्षं भरत होती. सोडण्याचं कारण: वैयक्तिक.

मग इकडंतिकडं बघून नवी शीट उघडली आणि माझाही हिशेब मांडला. सूत्र तोंडपाठ आहे. शेवटच्या महिन्याच्या बेसिक पगाराला २६ नं भागायचं (चार रविवार वगळून महिना २६ दिवसांचा धरतात), १५ नं गुणायचं, मग वर्षांनी. माझं बेसिक नेमकं २६,०००. वर्षाचे १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. माझी चार वर्षं चार महिने झालीत. राहिले आठ महिने.

काम आवडतं मला. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या वैतागले की विसरेन. जड जातात ती सव्वा ते दोन, जेवणाची पंचेचाळीस मिनिटं.

टेबलावरची माणसं वाईट असती तर सोपं होतं. तसं नाही. "अगं ये ना, सरकतो आम्ही," म्हणतात आणि खरंच सरकतात. मी बसते. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, व्हिएतनामची ट्रिप, कुठली तरी सिरीज. मी मनात एक वाक्य जुळवते, ते नीट होईपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. पहिल्याच महिन्यात एकीला "काय करायलीस?" म्हणाले होते, आमच्या लातूरकडं म्हणतात तसं. सगळे हसले, प्रेमानंच. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी तपासून मग तोंडाबाहेर काढायची सवय लागली, ती काही सुटली नाही. वर कुणी "किती शांत आहेस गं तू" म्हणालं की उरलंसुरलं बोलणंही संपतं.

मध्ये पंधरा दिवस फायर एक्झिटच्या जिन्यात डबा खाल्ला. तिथं हाउसकीपिंगच्या एक मावशी बसायच्या, औशाच्या, आमच्या लातूरकडच्याच. शेंगदाण्याच्या चटणीत लसूण किती घालायचा यावर आम्ही भांडलोसुद्धा. म्हणजे मला बोलता येत नाही असं नाही. नंतर त्यांची दुसऱ्या बिल्डिंगला बदली झाली, आणि एकटीनं जिन्यात बसणं फार नजरेत यायला लागलं.

आठ महिने, महिन्याला एकवीस दिवस धरले तर १६८ डबे. ७५,००० ला १६८ नं भागलं. एका डब्याचे ४४६ रुपये पडतात. आईला सांगितलं तर म्हणेल, जेवायचे पैसे मिळायलेत आणि तू रडायलीस.

नोटिस ९० दिवसांची, आणि ते दिवसही नोकरीतच धरले जातात. म्हणजे पाच महिने उलटून दोन-चार दिवसांनी राजीनामा टाकला तरी पाच वर्षं भरतात. सोडायचं तरी सुटका नाही म्हणा. निरोपाचा केक कापायचा, "दोन शब्द बोल" ऐकायचं. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी उभं राहून ओळख करून द्यायची, आणि तिथंही सव्वा वाजणारच. जागा बदलून हे जाणार की माझ्याबरोबर येणार, याला मात्र सूत्र नाही.

आजच्या त्या मुलाबद्दल राहून राहून वाटतंय. टेबलावर तोही नसायचाच. खाली जेवतो असं सगळे म्हणायचे. कुठं, कुणासोबत, कुणी विचारलं नाही. मीही नाही. पाच महिन्यांसाठी एवढे पैसे सोडून गेला, तर का गेला असेल? त्याचा नंबर फॉर्मवर होता. फाइल बंद करून पुढं पाठवली.