मॉनिटर नवा, तरी माउस अडखळतोय

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. लॅपटॉपवर पानं वाचून मान धरायला लागली, म्हणून दिवाळीत २७ इंची ४के मॉनिटर घेतला. सोबत आलेली एचडीएमआय केबल लावली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’.

ते लगेच सुटलं. मॉनिटरचा इनपुट डिस्प्लेपोर्टवर, म्हणजे चित्र घेणाऱ्या दुसऱ्या जोडणीवर होता. खालच्या कडेमागचं बटण चाचपून तो एचडीएमआयवर आणला, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं. अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, स्केल १५० टक्के केलं.

खरा त्रास पुढेच. माउसचा बाण अडखळत चालायचा. पान सरकवलं की ओळी उड्या मारत जायच्या, शब्दावर अनुस्वार आहे की नाही तेच कळेना. माझं तर अर्धं काम त्या टिंबांचं! ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडलं, तर रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, ३० हर्ट्झ आणि यादीत ६० नाहीच. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं की ६० मिळायचं, पण अक्षरांच्या कडा विरायच्या.

दुसरी केबल आणली. काडीचा फरक नाही. मॉनिटर परत करायला खोकं काढलं, तेवढ्यात धाकट्या दिरांचा फोन आला. “वहिनी, लॅपटॉपचं एचडीएमआय कितवं आहे ते बघा आधी.”

१.४ आवृत्तीचं निघालं. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके, आणि ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे. १.४ मधून सेकंदाला फार तर १०.२ गिगाबिट जातात, त्यात पूर्ण रंगांसह ३० वेळाच भागतं. पुढच्या २.० आवृत्तीतून १८ जातात. लॅपटॉपचं तोंडच अरुंद, केबल कितीही भारी आणली तरी काय होणार?

“टाइप-सीच्या शेजारी डीपीची, म्हणजे डिस्प्लेपोर्टची खूण आहे का?” त्यांनी विचारलं. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. ‘डी’च्या पोटात ‘पी’, तांदळाच्या दाण्याएवढी खूण. प्रत्येक टाइप-सीतून चित्र जात नाही, हे मला तेव्हा कळलं. माझ्यातून जात होतं!

टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल दोन दिवसांनी आली. लावली, यादी उघडली, ६० होतं. अडलेलं प्रकरण घेतलं आणि पान सावकाश वर सरकवलं. ‘संबंध’वरची दोन्ही टिंबं चालत्या ओळीत स्पष्ट दिसली. खोकं पुन्हा माळ्यावर टाकलं.