समोरासमोरच्या गाड्या

दुपारची जेवणं आटोपली की घरातलं कुणीतरी पोराला हटकून हे गणित घालतं: ताशी १०० किलोमीटरने दोन गाड्या समोरासमोर येताहेत, एकीत बसून दुसरीचा वेग किती? पोरगं ‘दोनशे’ म्हणून पळतं. आइन्स्टाइनच्या विशिष्ट सापेक्षतेने, म्हणजे प्रकाशाच्या जवळपासच्या वेगांनाही लागू पडणाऱ्या गतीच्या नियमांनी, खरं उत्तर दोनशेला किंचित कमी. किती कमी, तर तासाभराच्या २०० किलोमीटरमागे जेमतेम १.७ नॅनोमीटर. एवढ्यासाठी गुण कापणारा मास्तर अजून जन्मायचाय.

रीत सोपी. दोन्ही वेग प्रकाशवेगाच्या पटीत मांडा, त्यांची बेरीज करा आणि ‘एक अधिक त्यांचा गुणाकार’ याने भागा. ०.८ ने येणारी दोन यानं घेतली तर १.६ भागिले १.६४, म्हणजे ०.९७६. गफलत होते ती इथेच. मधे उभ्या असलेल्याला यानांमधलं अंतर प्रकाशवेगाच्या १.६ पटीनेच घटताना दिसतं, आणि त्याचं काही चुकत नाही. त्यात कुठलीच वस्तू प्रकाशापुढे धावत नाही. भागाकार लागतो तो एका यानातून दुसऱ्याचा वेग मोजताना.

१८५१ साली फिझो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने वाहत्या पाण्यातून प्रकाश सोडला. पाण्याचा निम्म्याहूनही कमी वेग प्रकाशाच्या पदरात पडला. आइन्स्टाइनचा जन्म अजून २८ वर्षं लांब होता! १९०७ मध्ये लाउए या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हाच भागाकार लावला आणि फिझोचा आकडा आपसूक निघाला.

त्वरण विशिष्ट सापेक्षतेत बसत नाही, ही आवई कुणी उठवली कोण जाणे. छान बसतं, फक्त कुणी मोजलेलं ते आधी सांगा. यानातल्याला सतत १ जी, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं त्वरण, जाणवत असेल, तर त्याच्या घड्याळाने वर्षभरात वेग ०.७७ आणि दोन वर्षांत ०.९७ प्रकाशवेग. तेव्हाही त्याचं वजन तेवढंच. पृथ्वीवरून मोजलेलं त्वरण मात्र साठ-पासष्ट पटीने घटलेलं.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलचं कोडं याहून खट्याळ. एकामागे एक दोन यानं, मधे ताणून बांधलेला नाजूक दोरा, जमिनीवरून पाहता दोघांचं त्वरण क्षणोक्षणी सारखं. दोरा तुटेल? सर्न या जिनिव्हाजवळच्या भौतिकी संशोधन संस्थेच्या उपाहारगृहात यावर वाद झाला आणि तिथल्या सिद्धांतवाल्यांचा कौल पडला, ‘नाही’. तुटतो. जमिनीवरून यानांमधलं अंतर तेवढंच राहतं, दोऱ्याला मात्र आखडायचं असतं, कारण धावत्या वस्तूची लांबी जमिनीवरून कमी भरते. पुढच्या यानाने जरा कमी त्वरण घेतलं तर वाचेल. किती कमी, ते दोऱ्याची लांबी पाहून.